समुद्राचा पहिला मान

समुद्रात एक बुडी मारली की नवशाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघू. एक बायको: मुरबाडच्या अंगाला, धसईकडे राहणाऱ्या मंगळूची जिवली, हाताने खंबीर आणि तोंडाने त्याहून. तिच्यामागून आंदण येणारी एक गाभण पाडी. आणि सकुबाईची, म्हणजे नवशाच्या आईची, झोप. नवशा जन्मला त्या साली ती उडाली होती आणि अजून घरी परतली नव्हती. बदल्यात द्यायचं काय, तर एक नारळ आणि ओलं अंग. इतका स्वस्त सौदा खैरवाडीत आजवर कुणाच्या वाट्याला आला नव्हता, आणि तो आज दुपारपर्यंत हुकणार होता.

सौदा असा ठरला होता. सकुबाईची आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली. तिसऱ्याच्या वेळी सुकी मासळी विकायला आलेल्या बाईने तिला सांगितलं, "समुद्राला बोल गो. तो सगल्यांचा ऐकतो." सकुबाईने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. तिने सुक्या बोंबलांच्या टोपलीला हात लावला आणि ती बोलली, "पोर जगला तर लगनाच्या आधी तुज्या पान्यात बुडवीन, नारळ देईन." पोर जगला, त्याचं नाव नवशा पडलं, आणि समुद्र आपला राहून गेला. मंगळूने सोयरीक जुळवताना नेमकं ते हेरलं. "न फेडलेला नवस नवऱ्याला नाय धरत," तो म्हणाला, "बायकोला धरतो. आधी भिजून ये, मग हळद. होळीच्या आत." आणि होळीच्या पलीकडे कसाऱ्याचा एक रेल्वेतला गँगमन जिवलीसाठी बूट घालून तयारच बसला होता.

जिवली स्वतः किन्हवलीच्या बाजारात भेटली तेव्हा म्हणाली होती, "बूटवाल्याचं मला काय नाय. पण तू सुका आलास तर बापापुढं मी तरी काय बोलू? लवकर भीज, मेल्या."

म्हणूनच सन अडतीसच्या माघात देवराम मास्तरांनी तरुण मंडळाची समुद्राची सहल काढली, तेव्हा पहिलं नाव नवशाचं होतं. मास्तर शाळेवर नवे होते, कल्याणकडचे. तरुणांनी समुद्र पाहिला की त्यांची मनं विशाल होतात असं त्यांचं मत होतं. वाशिंदपर्यंत पायी, मग गाडी, दादरला दुसरी गाडी, विरारला उतरून पुन्हा पायी, असा आटापिटा करून मंडळ अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पोचलं. आणि आज, माघी पुनवेला, सहलीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा ती सगळी विशाल मनं वाळूत मांडी घालून बसली होती आणि एकाच्याही पायाच्या अंगठ्याला समुद्राचं पाणी लागलेलं नव्हतं.

कारण साधं होतं. समुद्रात पहिला पाय कुणी घालायचा, हे ठरत नव्हतं.

खैरवाडीत कुठलीच गोष्ट आपोआप सुरू होत नसे. होळी पेटवायची, तर पहिली चूड पाटलाच्या घरची. गावाची हद्द ओलांडून पालखी न्यायची, तर पहिला पाय पाटलाचा. नदीला नवं पाणी आलं की चढणीचे मासे धरायला पहिला उतरणार तो मूळघरचा, कारण गाव वसवला त्यांच्या पूर्वजांनी. नवा तांदूळ पहिला शिजणार तो त्यांच्याच चुलीवर. लग्नाच्या मांडवाची मेढ, म्हणजे पहिला खांब, पाटलाच्या हातची, तर मेढीला बांधायची उंबराची फांदी मूळघरच्या हातची. दोघांपैकी एक जरी रुसला तरी नवरा-नवरी उन्हात. सगळ्याला मान होता आणि मानाला घर होतं. चुकून केलेलं रडणंसुद्धा त्या गावात फुकट जात नसे, पण ते पुढे येईलच.

फक्त समुद्राचा मान कुणाच्या घरी आहे, हे पूर्वजांनी सांगून ठेवलं नव्हतं. त्यांना तरी काय ठाऊक, नातवंडं एवढी लांब जातील म्हणून.

मंडळात पाटलाच्या घरचा लडकू होता. रुंद छातीचा आणि थोडक्या शब्दांचा, पण तेच शब्द पुन्हा पुन्हा वापरणारा. मूळघरचा धोंडी होता. किडकिडीत, पण वकिलाच्या वळणाचा. पहिल्याच दिवशी दोघे किनाऱ्यावर पोचले, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही थांबले.

"ही हद्द हाय," लडकू म्हणाला. "हिच्या पुढं गाव हाय? नाय. शेत हाय? नाय. जिथं जमीन संपते ती हद्द. हद्दीत पयला पाय पाटलाचा."

"हद्द ओली असते का रे?" धोंडी म्हणाला. "ओला तो पानी. नि पान्यात पयला पाय आमचा."

"अरे, समुद्र सगळ्यांचा असतो!" मास्तर म्हणाले.

"सगल्यांचाच हाय गुरुजी," लडकू म्हणाला. "म्हणून तर आदी कोन ते ठरवाया लागते. एकट्याचा असता तर भानगडच नव्हती."

कुणी चोरून पुढे जाऊ नये म्हणून दोघांनी वाळूत आपापली काठी रोवली आणि काठीवर आपापलं लाल मुंडासं ठेवलं. मानकऱ्याचं मुंडासं जिथे, तिथे मानकरी. तो झोपला असला तरी जागाच समजायचा. दोन काठ्यांमध्ये एक रेघ ओढली गेली. त्या दिवशीची भरती रेघेला न शिवता बरीच आधी थांबली, म्हणजे समुद्रालाही रेघ मान्य आहे असं सगळ्यांनी धरलं.

मास्तरांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं. दोघांनी हातात हात घालून एकदम जावं, असं सुचवलं. दोघे निघालेही, पण लाट तिरपी येते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती धोंडीच्या बाजूने आधी येऊ लागली, तशी लडकूने त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं आणि सदरा फाटला. मग चिठ्ठ्या काढायचं ठरलं. पहिली चिठ्ठी कुणी उचलायची यावर ते मोडलं. शेवटी मास्तर म्हणाले, "मीच आधी जातो, म्हणजे प्रश्नच मिटला." त्यावर मात्र लडकू आणि धोंडी एका आवाजात ओरडले. परक्याने पहिला पाय घातला तर गावात तोंड काय दाखवायचं? मास्तरांनी आग्रह धरला नाही. समुद्र त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला होता आणि तो त्यांना, खरं सांगायचं तर, फार मोठा वाटला होता.

बाईजा नावाची एक कोळीण रोज टोपली डोक्यावर घेऊन तिथून जाई. रोज विचारी, "ठरला का रं पोरांनो?" आणि रोज हसत जाई. आज मात्र ती थांबली.

"आज पुनव हाय," ती म्हणाली. "आज उधाणाचा पानी येल. त्या काठ्या उचला तिथशी."

"काठी उचलली म्हंजे मान सोडला," लडकू म्हणाला.

"तो उचलील मंग," बाईजा म्हणाली आणि सुकत घातलेल्या जाळ्यांकडे गेली.

नवशा सगळ्यांच्या मागे, नारळ मांडीत घेऊन बसला होता. दुपारी जेवून मंडळ विरारची वाट धरणार. तोवर भिजला नाही तर मंगळू हळद लावू देणार नाही. आणि दोघांच्या आधी पाण्यात उडी घेतली तर लडकू मेढ रोवणार नाही, धोंडी उंबर आणणार नाही, मग हळद असून मांडव नाही. इकडे सासरा, तिकडे गाव, आणि मधे एवढा मोठा समुद्र फुकट पडलेला.

तेव्हा त्याला झिरा आठवला.

उन्हाळ्यात नदी आटली की खैरवाडीच्या बाया नदीच्या वाळूत खड्डा खणतात आणि त्यात झिरपून आलेलं पाणी वाटीने भरतात. तो झिरा. झिऱ्याला मान नसतो. ज्याने खणला त्याचं पाणी. नवशा उठला, स्वयंपाकाची परात घेतली, रेघेच्या अलीकडे, म्हणजे आपल्या हद्दीत, दोन्ही मुंडाशांच्या मागे जागा निवडली आणि खणायला लागला.

"काय करतोस रे?" लडकूने विचारलं.

"तान लागली. झिरा खणतो."

झिरा खणायला बंदी नव्हती. खड्डा गुडघ्याएवढा झाला तेव्हा तळाला पाणी दिसलं. कंबरेएवढा झाला तेव्हा नवशाने बंडी काढली. छातीएवढा झाला आणि तो नारळ घेऊन आत उतरला, तेव्हा धोंडीला संशय आला.

"तान लागलेला मानूस बंडी काढत नाय," तो म्हणाला, आणि वाकून, बोट बुडवून त्याने चाटलं. "खारा हाय! लडक्या, हा समुद्रात बसलाय!"

लडकूनेही बोट बुडवून चाटलं. "खारा तर घामपन असतो. हा झिरा हाय."

"झिरा असेल तर बसू दे. पन समुद्र असेल तर यानं मान मोडला."

"मंग झिराच हाय," लडकू म्हणाला. त्याला मान मोडलेला नको होता, कारण तो त्याचाच होता.

"बरं, झिरा," धोंडीही म्हणाला. "ठरला. नवश्या, तू झिऱ्यात हायस. खुशाल बस."

"तसा नको ना!" नवशा आतून कळवळला. "झिरा म्हणलात तर माजा नवस फिटत नाय. मंगळूला काय सांगू, झिऱ्यात भिजून आलो? झिरा तर त्याच्या पन गावात हाय. तुमच्यापुरता झिरा म्हना, माज्यापुरता समुद्र म्हना."

"एक पानी दोन कसा असेल?"

"एक मानूस कोनाचा बाप, कोनाचा जावई नसतो का?"

हे बोलणं मंडळाला पटल्यासारखं वाटलं; एकदोघांनी मानासुद्धा हलवल्या. पण धोंडी वकिलाच्या वळणाचा होता. त्याने विचारलं की समुद्राचं पाणी वाळूखालून हद्द ओलांडून आलं असेल तर तो ओलांडण्याचा मान कुणाचा, आणि पाटलाला न विचारता ते आलंच कसं? लडकूने त्यावर विचार करायला मांडी घातली. सगळं मंडळ खड्ड्याभोवती जमलं. मास्तरही आले, कारण आता त्यांनाही उत्तर हवं होतं. समुद्राकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

नवशाने त्यांची नजर चुकवून एक बुडी मारायचं ठरवलं. आज मारून ठेवू, ती झिऱ्यातली की समुद्रातली ते घरी जाऊन ठरवू. पण पाय वर घ्यायला गेला तर पाय येईनात. ओली वाळू चहूबाजूंनी बसत बसत मांड्यांपर्यंत आली होती.

"लडक्या, हात दे रे," तो म्हणाला.

"थांब जरा. मुद्द्याचं बोलनं चाललंय."

पहिली लाट आली ती पायाखालून, मांजरासारखी, आवाज न करता. दुसरीने मात्र रेघ पुसली, काठ्या आडव्या केल्या, परात उचलली आणि मंडळाच्या कंबरेपर्यंत चढली. डोंगरातल्या माणसाला पूर माहीत असतो, आणि पूर आला की एकच करायचं असतं. सगळे पळाले. मास्तर शिट्टी फुंकत पळाले. ती शिट्टी कशासाठी, हे त्यांना पुढेही सांगता आलं नाही.

नवशाचं डोकंच तेवढं वाळूच्या वर होतं, आणि ते बरोबर समुद्राच्या वाटेवर होतं. लाट त्याच्यावरून गेली. परत येताना पुन्हा गेली. नारळ हातातून सुटला आणि डुलत डुलत निघाला. तिसऱ्या लाटेत नाका-तोंडात पाणी जाताना नवशाने डोळे उघडले, तेव्हा त्याला दोन गोष्टी दिसल्या. एकीकडे दोन लाल मुंडाशी शेजारी शेजारी पोहत हद्दीपलीकडे चालली होती. दुसरीकडे, वर माडांच्या वाडीत, लडकू आणि धोंडी दोघेही एकाच माडाला मिठी मारून उभे होते आणि त्या माडावर तरी पहिला हात कुणाचा, हे ठरवायला थांबलेले दिसत नव्हते.

बाईजा टोपली तिथेच टाकून दोर घेऊन धावली. दोर त्याच्या काखेतून घातला, दोन जावांना हाक मारली आणि तिघींनी मिळून नवशाला मुळा उपटावा तसा उपटला. घोट्याला मुरगळ आली, पण माणूस आख्खा निघाला.

"जीव देतोस का रं, खड्डा खणून?" बाईजा ओरडली.

"नवस होता," नवशा खोकत म्हणाला. "फिटला का गो आते?"

बाईजाने समुद्राकडे बघितलं. मासळीची भरलेली टोपली मुंडाशांच्या मागोमाग निघाली होती. "तुजा फिटला," ती म्हणाली. "माजा कोन फेडील?" आणि उत्तराची वाट न बघता मंडळाच्या तांदळाची उरलेली गोणी तिने उचलली आणि ती घराकडे चालू लागली. सबंध किनाऱ्यावर तेवढी एकच वसुली रोख झाली.

परतीच्या गाडीत लडकू डब्याच्या एका टोकाला बसला आणि धोंडी दुसऱ्या. दादरच्या पुढे लडकू नवशाच्या शेजारी येऊन बसला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आदी कोन पलाला, ता तुला दिसला असेल."

"दिसला."

"धोंडी पलाला ना?"

"माज्या मांडवाची मेढ कोन रोवनार?"

"कोन म्हंजे? मीच."

"मंग मला काय दिसला नाय," नवशा म्हणाला.

कल्याण यायच्या आधी धोंडीही येऊन बसला. त्याच्याकडूनही उंबराची फांदी तेवढ्याच शब्दांत ठरली. नवशाने आयुष्यात पहिल्यांदा पाय लांब करून एक डुलकी काढली.

पण गावात शिरायचं अजून बाकी होतं. दोघा मानकऱ्यांची मुंडाशी समुद्रात गेली होती. मानकऱ्याचं डोकं उघडं असताना बाकीच्यांनी डोकं झाकणं बरं दिसत नाही, म्हणून वाशिंदला उतरल्यावर सगळ्यांनी आपापल्या टोप्या आणि मुंडाशी काढून काखेत धरली. मास्तरांनीही टोपी काढली. का, ते विचारायचं त्यांनी आताशा सोडून दिलं होतं. नवशा घोट्यामुळे लंगडत मागे पडला. आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलताना खैरवाडीच्या बांधावर उभ्या असलेल्या बायांना दिसलं ते असं: गावचे तरुण एका रांगेत, माना खाली घालून, बोडक्या डोक्याने येत आहेत. त्यांच्यात नवशा नाही.

बोडक्या डोक्याने माणसं गावात येतात ती एकाच कामाहून, मसणवटीतून.

सकुबाईने छाती पिटली. "घेतला गो! बोलले होते बुडवीन, तर ठेवूनच घेतला गो!" बाया धावल्या. एकीने सूर धरला की दुसरीला तो सोडवत नाही. घटकाभरात आख्खी खैरवाडी रडत होती, ज्यांना कोण गेलं ते ठाऊक नव्हतं तेही. जावई भिजून येतो की नाही ते बघायला मंगळू कालपासून येऊन बसला होता. तोही रडला. चांगला रडला. पण रडता रडता त्याने शेजाऱ्याला हळूच विचारलं की कसाऱ्याला निरोप धाडायचा तर कुणाकरवी धाडावा.

लडकू सांगत होता, "मेला नाय! मेला नाय!" पण ज्याला त्याला वाटलं, दुःखाने बोलतोय.

तेवढ्यात बांधाच्या वळणावरून नवशा काठी टेकत आला. पुढच्या दोन बायांनी किंकाळी फोडली आणि पाठ फिरवली. सकुबाईने मात्र पळत जाऊन त्याचा हात धरला, हात गरम लागला, तेव्हा तिने त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि मग मिठी मारली.

"भिजलास?" मंगळूने डोळे पुसत पहिला प्रश्न विचारला.

"चाटून बघा, मामा."

मंगळूने खरंच चाटून बघितलं. आधी मनगट, मग कानामागे, जिथे घाम कमी असतो. तोंडात घोळवलं, थुंकला आणि म्हणाला, "समुद्रच हाय. वालूपन हाय."

एक काम झालं. पण रडणं झालं होतं, आणि ते आता गावात मोकळं फिरत होतं. खैरवाडीचा रिवाज असा, की मढं नसताना रडं उठलं तर ते उपाशी राहतं आणि होळीच्या आत कुणाला तरी गाठतं. त्याला अन्नाने शांत करायचं असतं, आणि ज्याच्या पायी ते उठलं त्याने सगळ्या गावाला गोड जेवण घालायचं असतं. त्याच दिवशी गावदेवीपुढे गावकी बसली. सगळ्यात वडील म्हणून म्हातारा कमळू बोलला.

"लडकू, धोंडी. रडं उठला तुमच्या बोडक्या डोक्यांपायी. मुंडाशी कुठं हायत?"

पळताना राहिली म्हणावं, तर पळालो हे कबूल करायचं. लडकूने घसा साफ केला. "समुद्राला अर्पन केली," तो म्हणाला. "पाटलाच्या घरचा मान दिला त्याला."

"मीपन दिला," धोंडी लगेच म्हणाला. "मी तर याच्या आदी दिला."

"तू कसा आदी? आदी मी!"

"बरं झाला," कमळू म्हणाला. "म्हंजे आपल्या हातानं डोकी उघडी केलीत. मंग जेवनपन तुमच्याकडं. ज्यानं आदी मुंडासं दिला त्यानं तांदूळ, गूळ सगला घालावा. नंतरच्यानं नुस्ती लाकडा पुरवावी. बोला, आदी कोन?"

दोघांनीही एकेक पाऊल मागे घेतलं.

"तसा बघितला तर," लडकू हळूच म्हणाला, "पान्यातला मान मूळघरचाच असतो. धोंडीचाच आदी गेला असेल."

"नाय नाय," धोंडीने हात जोडले. "ती हद्द होती. मी सवता बघितली. हद्दीत पाटलाच्या पुढं आमी कसे जाऊ?"

"तू आदी हायस रे, धोंडी."

"मोठेपना तुमचा. आमी आपले मागचे."

चार दिवस ज्यासाठी सदरे फाटले तो मान आता दोघांच्या मधे तापल्या तव्यासारखा फिरत होता आणि कुणी हातात धरत नव्हतं. शेवटी कमळू नवशाकडे वळला. "तू तिथंच होतास. कोनाचा आदी गेला?"

लडकूने नवशाकडे बघितलं. धोंडीनेही बघितलं. नवशाने मेढीचा विचार केला, उंबराचा केला, मग सगळ्या गावाला पुरेल एवढ्या गोड भाताचाही केला. आणि तो खरं तेच बोलला.

"दोनी एकाच लाटेत गेली, आजा. शेजारी शेजारी. एवढी गोडीत की कोन म्हनेल भाऊ."

"मंग दोघांनी सारखा घाला," कमळू म्हणाला. "कवा घालताव?"

"त्यात काय," सकुबाई मागून म्हणाली. तिने पदर खोचला होता. "माघ संपायच्या आत पोराचा लगीन हाय. तवाच घाला. रडलेली तोंडा तवाच गोड करा."

लग्न झालं. मेढ पाटलाच्या हातून रोवली गेली, उंबर मूळघरचा आला. फक्त आदल्या दिवशी कळलं की बोडक्या डोक्याने मेढीला हात लावता येत नाही, आणि दोघांचीही नवी मुंडाशी अजून शहापूरच्या बाजारातच आहेत. सकुबाईने नवरदेवासाठी जपून ठेवलेलं लाल कापड काढलं आणि फाडून तीन केलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा जिवलीने नवऱ्याच्या डोक्याभोवतीची ती चिंधी बघितली आणि विचारलं, "डोक्याला लागला काय रे तुज्या?"

"नाय," नवशा म्हणाला. "मान दिला."

तर खर्च असा पडला. तांदूळ पाटलाच्या कणगीतला आणि गूळ मूळघरचा, आणि दोन्ही घरं आजही म्हणतात की आपला वाटा जास्त होता. समुद्राला एक नारळ, दोन मुंडाशी, एक परात मिळाली, न मागता. बाईजाची मासळी गेली, तिने तांदूळ घेतला, तिची फिटंफाट. देवराम मास्तरांची शिट्टी पळताना पडली ती वाळूतच राहिली. कसाऱ्याच्या गँगमनने निरोपाची वाट बघून बूट काढून ठेवले. सगळ्या गावाने रडण्याचे कष्ट उपसले, ते पंक्तीत वसूल करून घेतले. सकुबाई हळदीपासून पाडी येईपर्यंत आडवी झाली नाही, आणि मग झोपली ती दुसऱ्या दिवशी कोंबडं ओरडून थकलं तरी उठली नाही. नवशाच्या अंगावर पडलं ते एवढंच: दोन थोबाडीत, एक मुरगळलेला घोटा आणि दोन-तृतीयांश मुंडासं.